मदत हवी आहे: लिलावातली गाडी सुरू न करता गिअरबॉक्स कसा तपासायचा?

सरकारी ताफ्यातून काढलेल्या गाड्यांच्या लिलावात एका पेट्रोल ऑटोमॅटिक सेडानवर बोली लावायची आहे. गाडी 'जशी आहे तशी' विकणार. बॅटरी पूर्ण उतरलेली आहे, आणि बाहेरची बॅटरी जोडून सुरू करायलाही परवानगी नाही, हे विचारून झालंय.

बॉनेट उघडून पाहिलं. इंजिनच्या डिपस्टिकवरचं (ऑइल तपासायच्या पट्टीवरचं) ऑइल काळं आहे, पण दुधाळ नाही, म्हणजे कूलंट मिसळल्याची खूण तरी दिसत नाही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही फेस नाही. टायरवर 2319 आहे, म्हणजे 2019 च्या 23व्या आठवड्यातले. ते बदलायचेच, तो खर्च धरलाय. चेसिस नंबर कागदांशी जुळतो. गाडी जप्तीची नाही, कर्जाचा बोजाही नाही. सर्व्हिस रेकॉर्ड मात्र मिळत नाही.

धास्ती आहे ती गिअरबॉक्सची. त्याला डिपस्टिकच नाही, त्यामुळे ऑइलचा रंग-वास बघता येत नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जवळ आहे, पण करंटशिवाय तो काय करणार! यादीत किलोमीटर कमी दाखवलेत, पण अशा गाड्या तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवलेल्या असतात आणि ती झीज मीटरवर येत नाही.

पाहणीला मेकॅनिक नेता येईल, पण गाडी जॅकवर घेता येणार नाही. बोली जिंकून माघार घेतली तर अनामत जाते. अशा परिस्थितीत गिअरबॉक्सची अवस्था ओळखायला मेकॅनिकला नेमकं काय बघायला सांगू?