फुगलेली लॅपटॉप बॅटरी फोंड्यात कुठे द्यायची? मदत हवी आहे

मंडळी, सहा वर्षं जुना लॅपटॉप आहे, परवा बघितलं तर टचपॅड वर आलेला आणि खालचं कव्हर एका बाजूने उचललेलं, टेबलावर ठेवला की डुगडुगतो. लगेच बंद केला, चार्जर काढला, तेव्हापासून चालू केलेला नाही. बाल्कनीत फरशीवर ठेवलाय, पावसाची झड येत नाही अशा कोपऱ्यात, आजूबाजूला कागद-कपडा नाही. वास नाही, गरमही लागत नाही. डेटाचा बॅकअप आहे.

खालचे स्क्रू काढून बघितलं पण बॅटरी आत गोंदाने चिकटवलीय, उचकटताना भोक पडलं तर पेट घेईल म्हणून हात लावला नाही. टोचून गॅस काढ असं एकाने सांगितलं, कृपया असं कुणीच करू नका. एका दुकानात विचारलं तर नवी बसवून देतो, जुनी तुम्हीच न्या म्हणाले. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे पण इथे नेऊन द्यायची कुणाकडे तेच कळत नाही, आणि पालिकेच्या सुक्या कचऱ्यात मी ती टाकणार नाही, गाडीत दाबली गेली तर कामगारांच्या जिवावर बेतेल.

माझ्याकडे फक्त स्कूटर आहे, डिकी उन्हात तापते. फोंडा, पणजी किंवा मडगावात बॅटरी काढून ठेवूनही घेणारं कुणी माहीत आहे का? आणि तिथपर्यंत लॅपटॉप न्यायचा कसा, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात चालेल का?