शेणखत टाकल्यावर भाताचा युरिया किती कमी करायचा? (इंद्रायणी, घोटी परिसर)

खाचर_घोटी:
एक एकर खाचर, वाण इंद्रायणी, आवणी (रोपांची लावणी) जुलैच्या पहिल्या आठवड्यात. शेणखत २ टन आहे, बांधावर गिरीपुष्पही (ज्याचा पाला खत म्हणून गाडतात ते झाड) भरपूर. शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाशची. शेणखत टाकल्यावर रासायनिक खत निम्म्यावर आणता येतं का? आमच्याकडे बऱ्याच खाचरांत आवणीनंतर भात पिवळा पडतो आणि काढणीच्या आधी लोळतो. एकाच पिकात आधी उपासमार आणि नंतर माज, असं का होतं?

बांधावरचा_पाला:
दादा, निम्म्यावर नको. एकरी हिशेब ४०:२०:२० चा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे २ टनांत १० किलो. पण पहिल्या हंगामात त्यातलं जेमतेम ३ किलो पिकाच्या हाती लागतं. हे १० किलो सरळ वजा करणं ही सर्रास होणारी चूक. गिरीपुष्पाचा ओला पाला एकरी १२ क्विंटल गाडला तर त्यात आठेक किलो नत्र येतं, आणि कोवळा असल्याने तो लवकर कुजतो. दोन्ही टाकणार असाल तर नत्र पाव हिश्शाने कमी करा, त्यापुढे जाऊ नका.

मग एकरी युरिया ६५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो. सुपर फॉस्फेट सगळं चिखलणीत (आवणीआधी चिखल करताना). पोटॅश अर्धं चिखलणीत, अर्धं लोंबी धरताना, कारण आपल्याकडच्या पावसात ते वाहून जातं. युरिया तीनदा: आवणीला २६, फुटवे येताना २६, लोंबी धरताना १३ किलो.

आता पिवळेपणा. शेणखत कच्चं असलं की ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. मूठभर खत हातात घेऊन बघा: गरम लागतं, काड्या ओळखू येतात, शेणाचा उग्र वास येतो, तर ते खाचरात नको. रोप पिवळं दिसलं की घाईने युरिया ओतला जातो. पुढे ऑगस्टमध्ये जिवाणूंनी अडवलेलं नत्र सुटतं आणि वरचा युरियाही लागतो. पान काळपट हिरवं, खोड मऊ. त्यात ढगाळ हवा, म्हणजे करपा रोग आलाच, आणि भात लोळला. कुजलेलं शेणखत पहिल्या नांगरटीत मिसळा. गिरीपुष्पाच्या जाड फांद्या काढून फक्त पाला आवणीच्या आठवडाभर आधी चिखलात तुडवा.

चारसूत्री_इगतपुरी:
वरचा हिशेब पटला. पण इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात फेकलेला युरिया पाण्याबरोबर बांध ओलांडून जातो. त्यापेक्षा युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट वापरा. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी एकदा १५, एकदा २५ सेंमी असं आलटून-पालटून अंतर ठेवून आवणी करायची. १५ सेंमी अंतरावरच्या चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) चौकटीत मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल दाबायची आणि वरचं भोक चिखलाने बुजवायचं. भोक उघडं राहिलं तर सगळी मेहनत वाया. एकरी २५,००० ब्रिकेट, म्हणजे ६८ किलो. हे काम आवणीच्याच दिवशी उरका. त्यानंतर वरून युरिया नको. सुपर फॉस्फेट एकरी ५० किलोवर आणा, पोटॅश मात्र तेवढंच ठेवा. पाणी झिरपून जाणाऱ्या मुरमाड खाचरात याचा फायदा होत नाही.

खाचर_घोटी:
ब्रिकेट दाबायला मजूर मिळाले नाहीत तर तीन हप्तेच द्यावे लागतील. लोंबी धरण्याची वेळ ओळखायची कशी? आणि पैशांत बघितलं तर काय वाचतं?

बांधावरचा_पाला:
मुख्य फुटवा मुळाजवळून कापून ब्लेडने उभा चिरा. वरच्या पेऱ्याच्या टोकाला १-२ मिमीचा पांढरा, लवदार कोंब दिसला की तिसरा हप्ता टाका. पोटरी (आत लोंबी असलेलं खोड) फुगेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. दर हप्त्याच्या आधी खाचरातलं पाणी काढा, ओल्या चिखलावर युरिया टाका, दुसऱ्या दिवशी पाणी भरा. मुसळधार पाऊस चालू असेल तर दोन-तीन दिवस थांबलेलं बरं.

पैशांत बघाल तर युरियात अर्धी गोणी वाचते, सरकारी दराने दीडशे रुपयेही नाहीत. नत्रासाठी म्हणून शेणखताची ट्रॉली विकत घेणं भातात परवडत नाही. घरचं असेल तर जरूर टाका, नसेल तर बांधावरचा पाला वाढवा. खरा पैसा वाचतो तो करप्याच्या फवारण्यांत आणि न लोळलेल्या भातात. लोळलेला भात कापायला मजुरी जास्त लागते, दाणा भिजून काळा पडतो आणि घोटीच्या बाजारात इंद्रायणीचा भाव पडतो. पावसाळ्याच्या तोंडाला गिरीपुष्पाच्या दीड-दोन हात लांब फांद्या बांधावर रोवून ठेवा. दोन-तीन वर्षांत पाला घरचाच होतो.