मदत हवी आहे: गिधाडाच्या अंगावरच्या उवा माराव्यात का?

उपचार केंद्रात एक रानातलं गिधाड आलंय. उभं राहतं, पण उडत नाही. पंखाची मोठी पिसं उलगडली तर लांबट उवा दाटीने बसलेल्या, आणि देठांना लिखा चिकटलेल्या. एक ऊ तर जवळजवळ एक सेंटिमीटरची! (लीमोबोथ्रिऑन, म्हणजे पक्ष्यांवरच्या मोठ्या उवांच्या गटातली असावी का?) विष्ठेत जंतांची अंडीही दिसली.

सहकाऱ्यांचं म्हणणं, सरसकट पावडर मारा आणि जंताचं औषध द्या. मला ते पटत नाहीये. कॅलिफोर्नियाचे रानातले शेवटचे कॉन्डॉर (तिथली मोठी गिधाडं) 1987 पर्यंत पकडून आणले, त्या मोहिमेत त्यांच्या उवा मारल्या गेल्या. कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निकाय ही ऊ तेव्हापासून नामशेष मानतात. पक्षी वाचवायचाच आहे, पण त्याच्यावर जगणारं काहीही शत्रूच धरायचं का? मुळात हा पक्षी उवांमुळे खंगला असेल का?

प्रतिसाद १
बहुतेक उलटं असतं. या चावऱ्या उवा मुख्यतः पिसं आणि कातडीचा कोंडा खातात. धडधाकट गिधाड चोचीने पिसं साफ करून त्यांना आटोक्यात ठेवतं. आजारी पक्षी ते सोडून देतो, मग उवा माजतात. खरं कारण शोधा: शिशाची विषबाधा, पंखाची जुनी इजा, उपासमार. रक्ताची स्लाइडही बघा, हिमोप्रोटियस किंवा ल्युकोसायटोझून हे रक्तातले परजीवी सापडू शकतात. पण थोडेफार परजीवी निरोगी रानपक्ष्यांतही असतात, तेव्हा सापडले म्हणजे निदान झालं असं नाही.

जंताच्या औषधाबाबत मात्र सावध! फेनबेंडाझोल कोंबड्यांना चालतं म्हणून इथे देऊ नका. त्यानंतर गिधाडं आणि करकोचे दगावल्याच्या नोंदी आहेत. अस्थिमज्जेवर परिणाम होऊन पांढऱ्या पेशी कोसळतात. पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

धागाकर्ता
फेनबेंडाझोलचीच बाटली काढून ठेवली होती, ती आत्ताच कपाटात गेली. शिशाच्या तपासणीसाठी उद्या रक्त घेतोय. उवांचे नमुने कसे ठेवू?

प्रतिसाद २
अल्कोहोलमध्ये, 95 टक्के मिळालं तर उत्तम, पुढे डीएनएही काढता येतो. डोकं, पंख, पोट यांच्या कुप्या वेगळ्या, कारण एकाच पक्ष्यावर जागेनुसार जाती बदलतात. चिठ्ठी कुपीच्या आत टाका आणि पेन्सिलनेच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. दुसऱ्या पक्ष्याला हात लावण्याआधी हातमोजे बदला, नाहीतर कुठली ऊ कोणाची, हे कोणालाच सांगता येणार नाही.