मदत हवी आहे : कातळावरील पत्र्याच्या गॅरेजचे वायरिंग आणि अर्थिंग

नमस्कार. आमचे घर देवगड तालुक्यात सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर) आहे आणि घरापासून ३८ मीटरवर लोखंडी सांगाडा व पत्रे यांचे गॅरेज आम्ही बांधले आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे घरातून ओढलेल्या तात्पुरत्या वायरीवर एक दिवा चालत असे. पत्र्याच्या कडेवर घासून त्या वायरीचे आवरण फाटले आणि शटर उघडायला गेलेल्या वडिलांना जोराचा शॉक बसला. ते सुखरूप आहेत, परंतु त्या दिवसापासून गॅरेजची वीज मी बंदच ठेवली असून कायमचे काम या पावसाआधी नीट करून घ्यायचे आहे.

वायरमनच्या मते सांगाडा अर्थिंगला जोडून २० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवला की पुरे. मला ते पटत नाही. गॅरेजपाशी कातळात जेमतेम अडीच फूट खड्डा पाडता आला. त्यात कोळसा-मीठ भरून केलेल्या अर्थिंगचा रोध गेल्या आठवड्यात अर्थ टेस्टरवर ८५ ओहम भरला. म्हणजे फेज सांगाड्याला चिकटली तरी २३० व्होल्टला पावणेतीन अँपिअरहून अधिक प्रवाह जमिनीत जाणार नाही, एमसीबी पडणार नाही आणि सबंध गॅरेजात करंट उतरलेला राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीत थोडा प्रवाह गळला तरी वीज तोडणारा स्विच) मात्र अशा अर्थिंगवरही पडेल, कारण तेवढ्या गळतीला सांगाड्यावर अडीच-तीन व्होल्टच येतात. तो हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो घरातल्या बोर्डावर बसवावा की गॅरेजमध्ये, हे ठरत नाही. घरात बसवला तर केबलचेही संरक्षण होते. घरात १०० मिलिअँपिअरचा, उशिराने पडणारा आणि गॅरेजमध्ये ३० चा, अशी जोडी कोणी वापरली आहे का?

दुसरा प्रश्न अर्थिंगचाच. घराचे अर्थिंग केबलच्या तिसऱ्या तारेतून गॅरेजपर्यंत नेले, तर घरातल्या एखाद्या बिघाडाचा व्होल्टेज सांगाड्यावर येईल, ही मला मोठी भीती वाटते. गॅरेजपासून वीस मीटरवर विहिरीलगत उन्हाळ्यातही ओलसर माती असते. तिथे तांब्याचा मुलामा असलेला रॉड ठोकून तिथून तार आणणे योग्य ठरेल का? जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी खाऱ्या वाऱ्याने नटबोल्टाजवळ लवकर गंजते, हा आमचा घरचा अनुभव आहे.

केबल तांब्याची आर्मर्ड (आत धातूचे कवच असलेली) घेणार आहे. १६ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे साडेपाच व्होल्ट आणि ६ मध्ये पावणेचार व्होल्ट घट येते. संध्याकाळी आमच्याकडे मुळातच व्होल्टेज कमी असल्याने माझा कल ६ कडे आहे. कातळामुळे ती पुरेशी खोल पुरता येणार नाही, म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने जाड पाइपातून नेण्याचा विचार आहे. जांभ्यावर असे काम केलेल्यांनी पाइपात पाणी साचू नये आणि ग्लँडपाशी (केबल पेटीत शिरते तिथल्या पकडीपाशी) आर्मर गंजू नये यासाठी काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे.