काउंटरवर फार्मासिस्ट नाही, यात महादेव लाल श्रॉफ यांचा किती दोष?

कुडाळकर
मार्च आला की कोकणातल्या फार्मसी कॉलेजांत भारतातल्या फार्मसी शिक्षणाचे जनक श्रॉफ यांच्या फोटोला हार घातला जातो. 6 मार्च हा त्यांचा जन्मदिवस (1902, दरभंगा), आता राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिन. माझं मत सरळ मांडतो. या माणसाने देशाला औषधं बनवणारे दिले, औषधं देणारे नाही. अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेले श्रॉफ. मालवीयजींच्या पाठबळावर 1932 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र सुरू केलं, 1937 मध्ये तीन वर्षांचा बी.फार्म. उभा केला. भर सगळा रसायनावर. आज आमची मुलं बी.फार्म. झाली की तुतारी एक्स्प्रेसने मुंबई गाठतात, नाहीतर लोटे-महाडच्या एमआयडीसीत जातात. गावच्या मेडिकलमध्ये कोण बसणार?

चिपळूणचे सर
काळ विसरताय. तेव्हा बाजारात भेसळीची, कमी ताकदीची औषधं सर्रास विकली जायची. मलेरियावरचं क्विनीनसुद्धा सुटलं नव्हतं. म्हणूनच 1930 मध्ये औषधांची चौकशी करायला चोप्रा समिती नेमावी लागली. औषध कायदा यायला 1940 उजाडलं, फार्मसी कायद्याला 1948. बाटलीत काय आहे हेच कुणी तपासत नसताना सल्ला कसला देणार? आधी औषध तपासता येणारी, पृथक्करण येणारी माणसं हवी होती आणि ती श्रॉफनी घडवली. वर संघटना बांधली, 1939 मध्ये इंडियन जर्नल ऑफ फार्मसी काढलं, पुढे पिलानीतही शिकवलं. एका माणसाने आणखी काय करायचं?

दापोलीची फार्मासिस्ट
कुडाळकर, रसायन एकीकडे आणि पेशंट दुसरीकडे ही तुमची वाटणीच मला पटत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. लोक इन्सुलिन घेऊन दुकानात यायचे. कुणी ते थेट बर्फात खुपसलेलं, कुणी खिडकीत ठेवलेलं. इन्सुलिन हे प्रथिन. एकदा गोठलं की वाया गेलं, मग वितळवून उपयोग नाही. उकाड्यात त्याची ताकद उतरते. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगत होतो: कुपी कोरड्या पिशवीत घाला, पिशवी मातीच्या मडक्यात ठेवा, मडक्याला ओलं फडकं गुंडाळा आणि ते सावलीत ठेवा. हे बोलायचं बळ मला कॉलेजातल्या रसायनशास्त्रानेच दिलं. श्रॉफनी पाया चुकीचा घातला असं म्हणणं अन्यायाचं आहे.

कुडाळकर
ताई, तुम्ही दुकानात होतात म्हणून ते झालं. बाकी ठिकाणी प्रमाणपत्र फ्रेममध्ये आणि त्यावर नाव असलेला माणूस मुंबईत. भाताच्या लावणीच्या दिवसांत लेप्टो या तापासाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी लिहून देतात. आमच्याकडच्या एका गड्याने ती रात्री घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि लगेच आडवा झाला. पुढे चार दिवस त्याला घास गिळवेना. भरपूर पाणी प्या, गोळीनंतर थोडा वेळ बसून राहा, एवढं सांगायला काउंटरवर कुणी नव्हतं. पाया भक्कम असेल, पण त्या पायावर दुकानापर्यंत पोचणारं काही बांधलं नाही हे माझं म्हणणं कायम आहे.

चिपळूणचे सर
बांधलेलं आहे, वापरत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे 1948 च्या कायद्याच्या कलम 42 मध्येच आहे. डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेला, 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, त्यातले निम्मे तास चिठ्ठीवरची औषधं देण्यातच जायला हवेत. ते तास खरोखर दुकानात भरले की नुसता शिक्का आला, हे बघणं आम्हा शिक्षकांचं काम. ते आम्ही नीट करत नाही. मग 1971 साली गेलेल्या माणसाच्या नावाने कशाला बोटं मोडायची?

सावंतवाडीचा बाबा
माझा चेडू डी.फार्म. करता हा, तेका हयच रवाचा आसा. म्हणजे माझ्या मुलीला इथेच राहायचंय. सर, शिक्क्याचं तुम्ही बोललात ते बरं झालं. पण तुम्हा तिघांपैकी कुणीच पगाराचं बोलत नाही. मालकाला वर्षाकाठी थोडे पैसे टाकून भिंतीवर टांगायला प्रमाणपत्र मिळतं, मग तो तिला महिन्याचा पगार का देईल? हे भाड्याचे कागद आधी बंद करा. ती काउंटरवर उभी राहायला तयार आहे.