कैलास-मानसरोवर यात्रेची तयारी : अंबाजोगाईच्या आई-बाबांसाठी विचारणा

प्रेषक : एक सभासद (मूळ गाव अंबाजोगाई)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझे आई-बाबा अंबाजोगाईला राहतात. बाबांचे वय 64 आणि आईचे 59. येत्या हंगामातील कैलास-मानसरोवर यात्रेसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज करायचे दोघांनी ठरवले आहे. 2020 पासून बंद असलेली ही यात्रा 2025 च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून बाबांच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. ते वारकरी आहेत. पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर ते कित्येक वर्षे पंढरपूरपर्यंत पायी गेले आहेत, आणि त्यामुळे कैलासाभोवतीची 52 किलोमीटरची परिक्रमा म्हणजे वारीतले दोन-तीन मुक्काम, असा त्यांचा हिशेब आहे. मला हा हिशेब पटत नाही. परंतु का पटत नाही, हे त्यांच्या गळी उतरेल अशा रीतीने मला सांगता येत नाही.

बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आईला तसा आजार नाही, पण वजन थोडे जास्त आहे. मी इकडचे, म्हणजे परदेशाचे, नागरिकत्व घेतले असून माझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते ते) आहे. त्यांच्याच तुकडीत मला जाता येईल का? येत नसेल तर तिघांनी मिळून नेपाळमार्गे जावे का? आपल्यापैकी जे जाऊन आले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र

---

प्रेषक : एक माजी सभासद, वैद्यकीय व्यवसाय (सध्या छत्रपती संभाजीनगर)

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी नियमांचे सांगतो, कारण तो भाग थोडक्यात संपतो. सरकारी यात्रेसाठी भारतीय नागरिकत्व आणि भारतीय पासपोर्ट आवश्यक आहे. ओसीआय कार्डधारकांना अर्ज करता येत नाही. वय 18 ते 70 असावे आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 25 किंवा त्याहून कमी असावा. आईंची उंची 155 सेंटिमीटर असेल, तर वजन 60 किलोपर्यंत आणावे लागेल, आणि ते निघण्याच्या आदल्या महिन्यात उपास करून आणायचे नसते. निवड संगणकीय सोडतीने होते, दिल्लीत सविस्तर वैद्यकीय तपासणी होते आणि उंचीवर पोहोचल्यावर ती पुन्हा होते. उत्तराखंडातून जाणाऱ्या लिपुलेख मार्गावर ही दुसरी तपासणी गुंजीला होते. तिथून परत पाठवले गेलेले लोक मी पाहिले आहेत. ती व्यवस्था कठोर वाटली तरी यात्रेकरूच्या जिवासाठीच आहे.

आता बाबांच्या हिशेबाविषयी. त्यांना एवढेच विचारा, की पैठण आणि पंढरपूर किती उंचीवर आहेत. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहेत, म्हणजे वारीत माणूस शेकडो किलोमीटर चालतो, पण हवा तीच राहते. मानसरोवर सुमारे 4,590 मीटरवर आहे आणि परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड सुमारे 5,630 मीटरवर. त्या खिंडीत हवेचा दाब आपल्या मैदानाच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. वारीने पाय, मन आणि शिस्त तयार होते. ही मोठी पुंजी आहे आणि मी तिला मुळीच कमी लेखत नाही. परंतु विरळ हवेची सवय शरीराला फक्त विरळ हवेतच होते. म्हैसमाळ हजार मीटरच्या थोडेच वर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई 1,646 मीटर. अतिउंचीचा त्रास जिथे सुरू होतो, त्या उंचीच्या जवळपासही यांतले काही येत नाही.

हा त्रास कोणाला होईल, हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आडवा होतो आणि शेजारच्या सावकाश चालणाऱ्या आजी खिंड ओलांडून जातात, असे घडते. किंबहुना धट्टाकट्टा माणूस भरभर चढतो, म्हणून त्याला धोका अधिक. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसे होणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. एवढ्यावर थांबून, त्याच उंचीवर विश्रांती घेतली तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. मात्र बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागले आहे असे समजून रात्र असली तरी माणसाला खाली आणावे लागते. प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे त्या उतरण्याला मदत करतात, उतरण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

म्हणून मार्ग निवडताना सर्वांत आधी उंची कशी वाढते ते पाहावे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. काठमांडूहून तिबेटमधील केरुंगमार्गे जाणाऱ्या खासगी सहली केरुंगहून, म्हणजे सुमारे 2,800 मीटरवरून, पुष्कळदा एका दिवसात सागाला, म्हणजे सुमारे 4,500 मीटरवर, नेतात. नेपाळमधील सिमिकोट-हिल्सा मार्गावर विमान आणि हेलिकॉप्टरमुळे असाच वेगाने चढ होतो. शिवाय 2025 च्या जुलैमध्ये केरुंगच्या वाटेवरील नेपाळ-तिबेट सीमेवरचा रसुवागढीचा पूल पुरात वाहून गेला होता, तेव्हा पावसाळ्यातील त्या रस्त्याचा भरवसा किती धरायचा हेही पाहावे. तुमच्या सोबतीसाठी आई-बाबांनी सरकारी तुकडी सोडावी, असे मला वाटत नाही. नेपाळमार्गे जायचेच असेल तर केरुंगला दोन रात्री आणि सागाला दोन रात्री देणारी सहल शोधा, आणि तसे लेखी घ्या.

माझा मुख्य मुद्दा यापुढे आहे. आपल्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाला सारे गाव पोहोचवायला येते, पाया पडते, तीर्थ आणायला सांगते. त्या प्रेमाचे ओझे घेऊन माणूस वर जातो आणि मग डोके दुखत असले तरी सांगत नाही, कारण सांगितले तर परिक्रमा हुकेल. लपवलेली डोकेदुखी हीच या यात्रेतील सर्वांत धोकादायक गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परिक्रमेच्या पहिल्या दिवशी डेरापूकला पोहोचल्यावर कैलासाचे उत्तर मुख समोर उभे असते. दर्शन तिथेच पूर्ण होते. दुसऱ्या दिवशी डोल्मा ला ओलांडली, की मागे फिरण्याची सोय राहत नाही, म्हणून निर्णय डेरापूकलाच घ्यायचा असतो. पण तो तिथे नव्याने घेता येत नाही, कारण त्या उंचीवर विचार मंदावतो. आई-बाबांनी घरी, देवासमोर बसून, एकमेकांना शब्द द्यावा, की त्रास झाला तर लगेच सांगेन, आणि एकाला थांबावे लागले तर दुसऱ्याने काय करायचे तेही आत्ताच ठरवावे.

आपला

---

प्रेषक : एक सभासद (मूळ गाव नांदेड)

नमस्कार ताई,

डॉक्टरसाहेबांनी लिहिल्यावर वैद्यकीय बाजूत मी भर घालण्यासारखे काही नाही; सरावाविषयी लिहितो. आपल्याकडे तयारीचे महिने म्हणजे नेमके मार्च ते मे, आणि तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्यामुळे पहाटे पाचला घराबाहेर पडून आठच्या आत परतणे, हाच मार्ग. अंबाजोगाईत तर मुकुंदराजांच्या समाधीची दरी हाताशी आहे. तिथे उतरून सावकाश वर यावे, आणि चढताना बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. बोलणे तुटले की वेग जास्त झाला असे समजावे. पाठीवर आधी दोन आणि मग चार-पाच किलोंची पिशवी घ्यावी. महिन्यातून एखादे वेळी देवगिरीचा किल्ला चढावा किंवा माहूरला जाऊन रेणुकामाता आणि दत्तशिखर पायी करावे. बूट जानेवारीतच घ्यावेत आणि हा सगळा सराव त्याच बुटांत करावा. अंगाला लागून सुती गंजी नको, कारण घामाने ओली झालेली सुती वस्त्रे थंडीत वाळत नाहीत.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्या. आषाढी एकादशी आणि श्रावणी सोमवार यात्रेच्या हंगामातच येतात. उंचीवर भूक आधीच मरते. त्यात उपास धरला तर अंगात ताकद राहत नाही. माझ्या आईने निघण्यापूर्वी आमच्या गुरुजींशी बोलून ते उपास परतल्यावर करण्याचा संकल्प केला होता. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मेतकूट असे ओळखीच्या चवीचे खाणे ठेवा. तिथले जेवण जाईनासे झाले तरी ते दोन घास पोटात जातात. मानसरोवरात थेट उतरू देत नाहीत, पाणी काढून बाहेर स्नान करावे लागते. ते भर दुपारी, ऊन असताना आणि थोडक्यात करावे.

आपला

---

प्रेषक : एक सभासद (मूळ गाव अंबाजोगाई)

डॉक्टरकाका आणि नांदेडचे दादा, मनःपूर्वक आभार.

दोन्ही पत्रे मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. पैठण-पंढरपूरच्या उंचीचा मुद्दा ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनीच आईला हाक मारून डेरापूकविषयीचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. दोघे सरकारी यात्रेलाच अर्ज करणार आहेत. मी सोबत जाण्याचा विचार सोडला आहे. काका, दोन शंका राहिल्या. बाबांची रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर गटातील आहे, ती चालेल का? आणि उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध घ्यावे का?

---

प्रेषक : एक माजी सभासद, वैद्यकीय व्यवसाय (छत्रपती संभाजीनगर)

ताई, बीटा-ब्लॉकरमुळे चढताना हृदयाचे ठोके गरजेइतके वाढत नाहीत, आणि उंचीवर तर शरीराला ते वाढायलाच हवे असतात. गोळी स्वतःहून बंद करू नये. आत्ताच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून ती बदलता येते का ते पाहावे, म्हणजे नव्या गोळीवर रक्तदाब स्थिर व्हायला पुरेसे महिने मिळतील. ट्रेडमिल चाचणीही त्याच वेळी करून घ्यावी. अ‍ॅसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी साधारणपणे 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. त्याने लघवीला जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. एक-दोन दिवस घरी घेऊन पाहिली, म्हणजे वर गेल्यावर घाबरायला होत नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगावे. झोपेची गोळी कुणी दिली तरी घेऊ नये. कोविडच्या काळातील ऑक्सिमीटर घरात असेल. तो न्यावा, पण तिथे रक्तातील प्राणवायूचा 85 टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसला म्हणून घाबरू नये. त्या उंचीवर तो नेहमीचाच असतो, आणि आकड्यापेक्षा माणूस कसा आहे हे महत्त्वाचे. तपासण्यांचे अहवाल आले की मला पाठवा. बाबांना एकदा इकडे घेऊन येणे जमले, तर समोर बसून सविस्तर बोलू.