वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : पुढच्या माणसाला काय सांगाल?

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया ठरलेल्या किंवा नुकत्याच झालेल्या माणसांचे प्रश्न तेच तेच असतात आणि डिस्चार्ज कार्डावर त्यांची उत्तरं दोन ओळींत आटोपलेली असतात. 'भरपूर पाणी प्या, प्रथिनं घ्या.' भरपूर म्हणजे किती, कशानं मोजायचं, नाहीच गेलं तर काय करायचं, हे घरी आल्यावर विचारायला कुणी नसतं. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांनी घरच्या माणसाचं केलं आहे, जे वॉर्डात किंवा आहार विभागात काम करतात, त्यांनी इथे लिहावं. आपली कहाणी नको, किती किलो उतरले तेही नको. माप, वेळ, काय बिघडतं आणि का, एवढंच. औषधांचे डोस मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच बदलायचे.

पिंपळपान

आधीच्या दोन आठवड्यांपासून सुरुवात करते. 'आता शेवटचं मनसोक्त खाऊन घे' असं घरचे प्रेमाने म्हणतात आणि नेमकं तेच नडतं. जठराचा वरचा भाग यकृताच्या डाव्या बाजूखाली दडलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना यकृत उचलून धरावं लागतं. चरबीने फुगलेलं यकृत जड आणि ठिसूळ असतं, उचलताना रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींवर राहिलं, पिष्ट पदार्थ तोडले आणि प्रथिनं ठेवली की ते आकसतं. साधारण दिवस असा: साय काढलेलं दूध किंवा पाण्यातून प्रथिनांची पावडर दोनदा, दुपारी दोन अंड्यांचं पांढरं किंवा ५० ग्रॅम पनीर आणि दुधी-पडवळासारखी भाजी, रात्री मूगडाळीचं पातळ कढण, मधे ताक. पोळी, भात, साखर बंद. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, मग बसतं.

मधुमेह असेल तर हा आहार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन आणि काही गोळ्या तेवढ्याच ठेवल्या तर साखर धाडकन खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण त्यांच्यावर उपाशी राहिलं तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं. वजन घटवण्याचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना शेवटच्या डोसची तारीख सांगा. त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

सह्यकडा

घोरणाऱ्यांनी झोपेची तपासणी टाळू नये. झोपेत श्वास अडत असेल आणि भूलतज्ज्ञांना ते माहीत नसेल, तर भुलीनंतरची पहिली रात्र धोक्याची. सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) मशीन दिलं तर मास्कची सवय आधीच करा आणि मशीन सोबत न्या.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद. 'तंबाखू' म्हटलं की बायका 'मी नाही खात' म्हणतात, पण मशेरी लावत असतात. मशेरी म्हणजेही तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरून यायला वेळ लागतो आणि बायपासनंतर (यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) जोडाच्या जागी अल्सर होतो. नंतर पुन्हा सुरू केली तरीही होतो.

हिशेबनीस

विम्याबद्दल थोडक्यात. इर्डाच्या (विमा नियामकाच्या) प्रमाणित कलमात स्थूलतेच्या शस्त्रक्रियेला अटी आहेत: वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडणं), आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काही, आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले असणं. वैद्यकीय निकष भारतीयांसाठी यापेक्षा खालचे आहेत. म्हणून बीएमआय ३३ आणि मधुमेह असलेल्याला सर्जन 'करा' म्हणतात आणि क्लेम नाकारला जातो. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. आधीच्या प्रयत्नांचे कागद, म्हणजे आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, तारखांसह वजनाच्या नोंदी, जुने रिपोर्ट, एका फाइलमध्ये लावा. कॅशलेसची परवानगी लेखी आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. प्रतीक्षाकाळ प्रत्येक पॉलिसीत वेगळा.

पांढरी टोपी

मी वॉर्डातली. संध्याकाळी उठवून चालवतो तेव्हा रुग्ण चिडतात. पायांच्या शिरांत गाठ होऊ नये म्हणून ते आहे. पोटातलं इंजेक्शन आणि पायांना फुगणारे मोजे त्याचसाठी. श्वासाचं तीन गोट्यांचं खेळणं तासाला दहा वेळा. गोट्या वर जाणं महत्त्वाचं नाही, वर तीन सेकंद टिकणं महत्त्वाचं.

खांदा दुखतो तो शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे. चालल्यावर कमी होतो आणि चार दिवसांत जातो. आता हे नीट वाचा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललंय, ताप आहे, धाप लागते, आणि आडवं पडून असतानाही नाडी १२० च्या पुढे आहे, तर आतल्या टाक्यांमधून गळती आहे असं धरून त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. नाडी सगळ्यात आधी बोलते, ताप मागून येतो. स्लीव्हमध्ये (यात जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं जठर ठेवतात) गळती बहुधा अगदी वर, अन्ननलिकेजवळ होते आणि घरी गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही होऊ शकते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी ठेवा, तो नाडीही दाखवतो. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, तरीही तसंच. अंगावर काढू नका.

घोटघोट

पाण्याचं माप. औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं झाकण घ्या. तीन झाकणं म्हणजे ३० मिली, दर १५ मिनिटांनी. तासाला १२० मिली. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चौदा तास धरले तर १,६८० मिली होतं, म्हणजे दीड लिटरच्या वर. हे गणित केलं की ध्यानात येतं की मधे तीन तास झोप काढली तर ते पाणी नंतर भरून काढता येत नाही, कारण एका दमात ग्लासभर आत मावतच नाही. फोनला गजर लावा.

साधं पाणी जड वाटत असेल तर कोमट करून बघा, काहींना गारच जातं. पातळ ताक, वरणाचं गाळलेलं पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी चालतं. स्ट्रॉने हवा आत जाते, सोडा तर नकोच. लघवी गडद, उभं राहताना चक्कर, जीभ कोरडी: पाणी कमी पडलं. पहिल्या महिन्यात परत भरती व्हायचं हे फार मोठं कारण आहे.

नवाताई

घरी येऊन पंधरा दिवस झाले की उलट्या होणं नॉर्मल ना? सगळे म्हणतात शरीर जुळवून घेतंय.

कडुलिंब

नवाताई, नाही. घाईने खाल्लं, मोठा घास घेतला म्हणून एकदा उलटी झाली तर ती गोष्ट वेगळी. रोज होत असेल, दोन-तीन दिवस पोटात काही ठरत नसेल, तर कुठेतरी अरुंद झालं आहे असं समजून डॉक्टरांकडे जायचं. बायपासमध्ये जोडाची जागा आवळते, बहुतेकदा दुसऱ्या महिन्याच्या आसपास. स्लीव्हमध्ये मधल्या वळणावर आवळते. दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येतं, पण वेळेत गेलं तर.

आणि याहून मोठं कारण बी १, म्हणजे थायमिन. शरीरात याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. आधी दोन आठवडे कमी खाणं, मग द्रव आहार, वर उलट्या, आणि गोळीही उलटीतून बाहेर. साठा संपला की मेंदूवर परिणाम होतो: एकाचे दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात गोंधळ, पाय बधिर. सगळी लक्षणं एकदम दिसतील याची वाट बघू नका. उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहतं.

आता आपल्याकडे घडतं ते असं. उलट्या होतात, अशक्तपणा येतो, माणूस गल्लीतल्या दवाखान्यात जातो आणि तिथे ग्लुकोजची बाटली लागते. ग्लुकोज वापरायलाच थायमिन लागतं, त्यामुळे उरलंसुरलं थायमिन त्या बाटलीत खर्ची पडतं आणि माणूस आणखी बिघडतो. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, घरच्यांच्या फोनमध्येही तिचा फोटो असू दे. त्यावर एवढंच: 'माझी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे. उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन शिरेतून द्यावं.' खाली शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, सर्जनचा नंबर. ज्या डॉक्टरांनी हे ऐकलेलं नसतं तेही चिठ्ठी वाचून थबकतात आणि फोन करतात.

नवाताई

आजच दाखवते. धन्यवाद.

मऊभात

खाण्याचे टप्पे: साधारण दोन आठवडे द्रव, दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, दोन आठवडे मऊ, मग नेहमीचं. तुमच्या हॉस्पिटलचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा. पुढची पायरी लवकर चढण्यात काहीच फायदा नाही. टाके आतून भरत असतात, ते दिसत नाहीत म्हणून विसरायला होतं.

मिक्सरच्या टप्प्यात लोक खिमट करतात, पण नेहमीच्या प्रमाणात तांदूळच जास्त असतो. डाळ तीन वाट्या तर तांदूळ एक, असं उलटं करा. अंड्याची मऊ भुर्जी ताकात फिरवून, पनीर दुधात कुस्करून, उकडलेला मासा वरणात. काटे हाताने चाचपून काढा.

अडकणारे पदार्थ: ताज्या पोळीचा मऊ भाग (चावला की पिठाचा गोळा होतो), मोकळा भात, कोरडी कोंबडी, मटण, शेवग्याच्या शेंगांचे धागे, संत्र्याच्या फोडीवरची साल, ओलं खोबरं. भाकरीचा पापुद्रा पोळीपेक्षा बरा जातो, बऱ्याच जणांचं हेच म्हणणं आहे. घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. अडकलंच तर छातीच्या मधोमध दाब येतो आणि तोंडात फेसाळ लाळ सुटते. पाण्याने ढकलायला जाऊ नका, वरून आणखी दाब येतो. उठून चाला, थांबा. काही तासांनी लाळही गिळता येत नसेल तर हॉस्पिटल.

'पोट भरलं'ची खूणही बदलते. काहींना उचकी लागते, काहींचं नाक गळतं. ती खूण आली की ताटात एक घास उरला तरी उरू दे.

पिंपळपान

मऊभात, प्रथिनांचा हिशेब मी जोडते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. तिसऱ्या महिन्यातला एक दिवस: दूध १५० मिली (५ ग्रॅम) आणि पावडर एक मोजणी (२० ते २४, डब्यावर वाचा), एक अंडं (६), पनीर ५० ग्रॅम (९), साखर न घातलेला चक्का १०० ग्रॅम (९ च्या आसपास), शिजलेला मासा ६० ग्रॅम (१२). ६१ च्या पुढे जातं. मासे-अंडी नसतील तर सोयाबीनच्या वड्या कोरड्या २० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम प्रथिनं. भिजवून, पिळून, वाटून घ्या. नुसत्या वरणावर हा आकडा गाठता येत नाही. ३० ग्रॅम कच्च्या मूगडाळीत जेमतेम ७ ग्रॅम. 'घरचं साधं खाते, पावडर कशाला' हा आग्रह पहिल्या सहा महिन्यांत महागात पडतो, स्नायू झडतात. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतातच, पुन्हा येतात. पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर गळणं लांबतं.

तुळशीवृंदावन

उपवासाचं कुणी लिहिलं नाही. साबुदाण्याची खिचडी नव्या पोटाला सगळ्या बाजूंनी वाईट: चिकट, अडकणारी, जवळजवळ नुसता स्टार्च. पहिल्या वर्षी चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार सोडा. करायचाच असेल तर ताक, दूध, पनीर, थोडे राजगिऱ्याचे पीठ लावलेले पातळ पदार्थ. हरतालिकेचा निर्जळी मुळीच नको. आजारी माणसाला उपवास माफ असतो, हे घरातल्या मोठ्यांनाच सांगायला लावा. सुनेनं म्हणण्यापेक्षा सासूबाईंनी 'यंदा राहू दे' म्हटलेलं चालतं.

सह्यकडा

गोडाबद्दल. बायपासवाल्यांनी शिरा, जिलेबी, उसाचा रस घेतला की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली, हातपाय थरथरतात. त्यावर आणखी गोड खाल्लं की पुन्हा तेच चक्र. साखर वर आणण्यापुरतं थोडं घ्या, लगेच मागून प्रथिनं, आणि डॉक्टरांना कळवा. ही शस्त्रक्रिया झाल्यावर दारू लवकर आणि जास्त चढते, गाडी चालवायचा प्रश्नच नाही.

गोळ्यांचा डबा

जन्मभर घ्यायचं: मल्टिव्हिटॅमिन, बी १२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ५०० ते ६०० च्या हप्त्यांत, डी ३ सुमारे ३००० युनिट, रक्तातली पातळी बघून, पाळी चालू असलेल्यांना आणि बायपासवाल्यांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. आपल्याकडे सकाळची गोळी चहाबरोबरच गिळतात, तिथेच निम्मं लोह वाया जातं. पित्ताशय शाबूत असेल तर खडे टाळायला सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड देतात, साधारण ३०० मिलिग्रॅम दोनदा.

डोकं-गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणू नका, अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. 'एसआर' लिहिलेल्या, हळू सुटणाऱ्या गोळ्या बायपासनंतर नीट शोषल्या जात नाहीत, त्या बदलून घ्या. बीपीच्या गोळ्या तशाच राहिल्या तर चक्कर येते. घरी रोज मोजा, वहीत लिहा.

शेवंती

पीसीओडीमुळे पाळी येत नव्हती म्हणून काही वापरत नाही, असं मुली सांगतात. वजन उतरायला लागलं की पाळी सुरू होते आणि दिवस राहतात. पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायचं असतं, बाळाला पुरेल एवढं पोषण आईकडेच नसतं. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांवर विसंबू नये, तांबी किंवा दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेआधीच ठरवून घ्या.

कडुलिंब

नव्या माणसाचा फोन घेणाऱ्यांसाठी. आधी चार गोष्टी विचारा: कोणती शस्त्रक्रिया, किती दिवस झाले, आज पाणी किती गेलं, लघवी किती वेळा झाली. मग बाकीचं बोला. 'मलाही झालं होतं, जाईल' हे वाक्य उलटी, ताप, धाप आणि पायाची सूज यांच्या बाबतीत वापरायचं नाही. स्लीव्हवाल्याने बायपासवाल्याला गोळ्या सांगायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही म्हणून रडत फोन येतात, तिथे मात्र खुशाल धीर द्या. ते जवळपास सगळ्यांचं होतं, आणि आठ-पंधरा दिवसांत काटा पुन्हा उतरतो.

हिशेबनीस

रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा, बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, फोलेट, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, यकृत, किडनी, मधुमेहींना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). बायपासवाल्यांनी झिंक आणि कॉपर डॉक्टरांना विचारून. रिपोर्ट त्याच फाइलमध्ये, ज्यात विम्याचे कागद आहेत.